आटे जुळले म्हणजे पिकअप जुळला असं नाही

इंजिनाचा वेग मोजणाऱ्या मॅग्नेटिक पिकअपबद्दल एक सल्ला मेकॅनिकांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: "आटे जुळतील तो पिकअप घ्या. टेकेपर्यंत आत फिरवा, एक आटा मागे घ्या, चेकनट (पिकअप जागेवर पक्का धरणारा नट) आवळा. मीटरवर ओहम दिसले की पिकअप चांगला. वायर कुठलीही चालते. शंका असेल तर हॉल सेन्सर (चुंबकीय बदल ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) लावा, तो केव्हाही सरस. आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा कंट्रोलर), ओव्हरस्पीड (वेग हाताबाहेर गेला तर इंजिन थांबवणारी यंत्रणा) दोन्हींना एकच पिकअप पुरतो."

नवीन मुलं हे पाठ करून कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आटे जुळतील तो." पिकअपच्या आत एक कायमचं चुंबक, त्याला लागून मऊ लोखंडाची कांडी आणि कांडीभोवती तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते. रिंग गिअरचा, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचा, दाता कांडीसमोरून सरकला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. बाहेरून सप्लाय लागत नाही. त्यामुळे कांडीची जाडी दात्याच्या मापाला साजेशी हवी. बारीक दात्यांसमोर जाड कांडी बसवली तर तिच्यासमोर दाता आणि खाच एकाच वेळी येतात, फरक पुसट होतो आणि सिग्नल पडतो. छिन्नीसारखं टोक असेल तर त्याची धार दात्याला समांतर ठेवावी लागते. आट्यांना यातलं काही कळत नाही.

आणि आटे तरी खरोखर जुळलेले असतात का? ५/८ इंच-१८ (इंचाला १८ आटे) आणि एम१६ × १.५ ही मापं शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक दिसत नाही. एकाचा व्यास १५.८७५ मिमी, दुसऱ्याचा १६. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.४११ आणि १.५ मिमी. इंची पिकअप मेट्रिक भोकात दोन-तीन आटे आरामात जातो, मग जड लागतो. तिथे पाना लावून जोर केला की फ्लायव्हीलच्या हाऊसिंगमधल्या भोकाचे आटे गेलेच. पिकअप शेवटपर्यंत हातानेच फिरायला हवा. जड लागला तर बाहेर काढा आणि पिच गेज लावा.

आता "टेकेपर्यंत आत, एक आटा मागे". हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घात करतं. टेकवायचं, पण कशावर? भोकातून टॉर्च मारून बघा. समोर खाच असेल तर पिकअप दोन दात्यांच्या मधे उतरतो, तुम्ही एक आटा मागे घेता आणि तरी टोक दात्याच्या माथ्यापेक्षा आतच राहू शकतं. स्टार्टर मारल्याबरोबर पहिलाच दाता टोकावर आदळतो. असा एक पिकअप माझ्या हातात आला होता: टोकावर अर्धचंद्रासारखी चकचकीत घासट, कडेने धातू लोटला गेलेला आणि चुंबकाला चिकटलेली लोखंडाच्या किसाची दाढी. म्हणून आधी फ्लायव्हील हाताने फिरवून दात्याचा माथा भोकाच्या बरोबर मधोमध आणायचा, मगच टेकवायचं.

मागे किती? एम१६ × १.५ वर पूर्ण आटा म्हणजे दीड मिलिमीटर. बहुतेक ठिकाणी टोक आणि दात्यामधला गॅप अर्धा ते एक मिलिमीटर सांगितलेला असतो, म्हणजे साधारण अर्धा आटा. चालू वेगाला दीड मिलिमीटरही कदाचित भागून जाईल, पण क्रँकिंगला (स्टार्टर इंजिन फिरवत असताना) वेग जेमतेम १५०-२०० आरपीएम असतो आणि व्होल्टेज वेगाबरोबर कमी होतं. तिथे सिग्नल अपुरा पडला की कंट्रोलर अॅक्च्युएटर (फ्युएल कमी-जास्त करणारा भाग) उघडतच नाही आणि लोक बॅटरीला दोष देत बसतात. गॅप ठरवल्यावर फ्लायव्हील पूर्ण एक फेरा फिरवून बघायचं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा दोन ठराविक जागी थांबतं, सहा सिलिंडरचं तीन जागी. स्टार्टरचं पिनियन तिथलेच दाते खातं, त्यामुळे रिंग गिअर सगळीकडे सारखा नसतो. चेकनट आवळताना पिकअपचं अंग दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर गॅप हलतो. जोर बेताचा, कारण अंग पोकळ असतं.

"ओहम दिसले की चांगला." ओहम एवढंच सांगतात की तार तुटलेली नाही. वर सांगितलेला ठोकर खाल्लेला पिकअप नव्याइतकेच ओहम दाखवत होता. कॉइल आणि अंग यांच्यात कंटिन्युइटी नाही ना, ते बघा. मग फ्युएल बंद ठेवून स्टार्टर मारा आणि मीटर एसी व्होल्टवर लावा. कंट्रोलरला किमान किती व्होल्ट लागतात ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अनेकांना एक व्होल्टच्या आसपास लागतो. तेवढा मिळत नसेल तर गॅप, टोकावरचा कीस आणि कांडीचं माप पुन्हा तपासा.

वायरीबद्दल थोडक्यात: पीळ दिलेली शील्डेड जोडी, शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ, दुसरं टोक कापून टेप मारलेलं. स्टार्टरच्या केबलसोबत एकाच गठ्ठ्यात बांधू नका.

हॉल सेन्सर अगदी मंद वेगालाही सिग्नल देतो, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्याला सप्लाय लागतो, तीन वायर लागतात आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स उष्णतेला नाजूक असतं. शिवाय दोन वायरींच्या पिकअपसाठी बनवलेल्या इनपुटला तो सरळ जोडता येईलच असं नाही. कंट्रोलर काय मागतो ते आधी वाचा.

शेवटचा मुद्दा, दोन्हींना एकच पिकअप, मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. सिग्नल पूर्ण गेला तर बरेच गव्हर्नर फ्युएल बंद करतात आणि इंजिन थांबतं. पण सिग्नल नुसता क्षीण झाला आणि काही दाते मोजायचे राहू लागले तर? १५०० आरपीएमवर ११८ दात्यांचा रिंग गिअर सेकंदाला २९५० पल्स देतो. त्यातले काही गळाले की कंट्रोलरला वाटतं वेग पडला, म्हणून तो आणखी फ्युएल देतो. इंजिन खरं तर वर चाललेलं असतं. आणि ज्याने ते थांबवायचं, तो ओव्हरस्पीडचा रिलेही त्याच पिकअपवर असेल तर त्यालाही वेग कमीच दिसतो. ओव्हरस्पीडसाठी वेगळं भोक, वेगळा पिकअप आणि वेगळी केबल घ्या.