उंदराचं जनुक, डोळा मात्र माशीचा

‘तुमच्या प्रत्येक पेशीत शरीराचा संपूर्ण नकाशा लिहिलेला आहे. प्रत्येक अवयवाचं वेगळं जनुक असतं. आपण कोण होणार हे पेशीला पहिल्यापासून ठाऊक असतं. अवयव आपला आपण घडतो, आजूबाजूचं सगळं फक्त भराव. तिसऱ्या महिन्यात सगळं तयार, पुढे बाळ नुसतं वाढतं. म्हणूनच एकसारखी जुळी म्हणजे निसर्गाची झेरॉक्स!’ या आशयाचे मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. पंचाईत अशी की ते निखालस खोटे नाहीत. डीएनएशिवाय काहीच घडत नाही, हे खरंच आहे. पण त्यावर जी इमारत उभी केली आहे ती एकेका विटेनं तपासायला हवी.

प्रत्येक अवयवाचं वेगळं जनुक, हे आधी घेऊ. याच्या समर्थनार्थ हमखास पॅक्स-६ या जनुकाचं उदाहरण येतं, आणि ते तगडं आहे. हे जनुक बिघडलं तर माणसाच्या डोळ्यातली बुबुळाची रंगीत चकती नीट बनत नाही. 1995 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटानं फळमाशीचं याच कुळातलं जनुक तिच्या पायांवर, पंखांवर चालू केलं, तर तिथे डोळे उगवले. इथपर्यंत सांगून लोक थांबतात. पुढची गंमत अशी की त्यांनी उंदराचं पॅक्स-६ घालूनही तोच प्रयोग केला. तेव्हाही डोळे आले, पण ते उंदराचे नव्हते. शेकडो छोट्या भिंगांचे, माशीचे डोळे होते. जनुकात डोळ्याचा नकाशा असता तर माशीच्या अंगावर उंदराचा डोळा दिसायला हवा होता. जनुकानं ‘इथे डोळा कर’ एवढंच सांगितलं. तो कसा करायचा, हे माशीच्या पेशींनी आपल्या पद्धतीनं ठरवलं.

‘आपण कोण होणार हे पेशीला पहिल्यापासून ठाऊक असतं’ हे विधान तर शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालंय. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हिल्डे मॅन्गोल्ड या संशोधिकेनं, हान्स श्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली, न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणाचा एक इवलासा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. दोन्ही भ्रूण वेगवेगळ्या रंगाच्या जातींचे, म्हणजे कुठली पेशी कुणाची हे ओळखता येत होतं. पोटावर दुसरा भ्रूणच तयार व्हायला लागला. त्याचा मज्जारज्जू बव्हंशी यजमान भ्रूणाच्याच पेशींचा होता. ज्या पेशी एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या, त्यांनी शेजार बदलताच मज्जासंस्था घडवली. हे 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. श्पेमानना 1935 मध्ये नोबेल मिळालं. मॅन्गोल्ड मात्र 1924 मध्येच एका अपघातात भाजून गेल्या होत्या.

म्हणजे पेशी कोरी पाटी असते का? तसंही नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत जॉन सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणात मांडीच्या जागेच्या पेशी काढून पंखाच्या अंकुराच्या टोकाखाली ठेवल्या. तिथे मांडी झाली नाही आणि पंखही झाला नाही. तिथे पायाची बोटं आली, नख्यांसकट! आपण पायाचे, हे पेशींना आठवत होतं. पण आपण टोकाला आहोत, हे शेजाऱ्यांनी सांगितलं. या एका प्रयोगापुढे ‘सगळं जनुकात’ आणि ‘सगळं परिसरात’ हे दोन्ही पक्ष गप्प बसायला हवेत.

आता भरावाचा मुद्दा. इथे जरा रेंगाळतो, कारण आतड्याची गोष्ट मला फार आवडते. माणसाचं लहान आतडं सहाएक मीटर लांब. पोटात जागा कमी म्हणून ते कसंबसं कोंबलं जातं आणि वेटोळी पडतात, असं बहुतेकांना वाटतं. पण वेटोळी पडण्याच्या काळात मानवी भ्रूणाचं बरंचसं आतडं पोटाबाहेर, नाळेच्या मुळाशी असतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते आत परततं. मग वळवतं कोण? आतड्याला पाठीच्या बाजूनं धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो, मेझेंटरी. 2011 मध्ये हार्वर्डमधल्या क्लिफ टॅबिन आणि एल. महादेवन यांच्या गटानं कोंबडीच्या भ्रूणात हा पडदा आतड्यापासून अलगद कापून वेगळा केला. आतडं सरळ झालं, पडदा आक्रसला. आतड्याची नळी पडद्यापेक्षा झपाट्यानं वाढते, पडदा तिला आवरून धरतो, आणि या ओढाताणीत नळीला वेटोळी पडतात. फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक ताणून शिवलं आणि सोडलं की कापडाला चुण्या पडतात, तसंच. त्यांनी रबरी नळीला ताणलेला रबरी पडदा शिवून ही वेटोळी टेबलावर करून दाखवली. मग वाढीतला फरक, जाडी आणि ताठरपणा मोजून कोंबडी, लावा, झेब्रा फिंच हा छोटा पक्षी आणि उंदीर या चौघांच्या वेटोळ्यांची संख्या आणि आकार गणितानं काढला, आणि तो जुळला.

कुठला थर किती वेगानं वाढेल, किती ताठ असेल, यात जनुकांचा हात आहेच. पण ‘तिसरं वळण इथे घ्या’ असं कुठल्या जनुकात लिहिलेलं नाही.

मूत्रपिंडाचंही असंच. तिथे एक नळी आणि भोवतालच्या सैल पेशी एकमेकांना संकेत देतात. त्या पेशी नसल्या तर नळीला फाटे फुटत नाहीत आणि नळी पोचली नाही तर त्या पेशी मरतात. यातला भराव कुठला, ते पोस्ट लिहिणाऱ्यानं सांगावं.

हे वाचून दुसऱ्या टोकाचे फॉरवर्डवाले खूश होतील, म्हणून सांगून टाकतो: इथे परिसर म्हणजे शेजारच्या पेशी, पडदे, द्रव, ताण. आईनं ऐकलेलं संगीत किंवा म्हटलेले श्लोक यांनी आतड्याची वेटोळी ठरत नाहीत.

‘तिसऱ्या महिन्यात सगळं तयार’ हेही अर्धवट. फुफ्फुसाला फाटे फुटणं पुढे कित्येक आठवडे चालतं, हवेच्या पिशव्या तर जन्मानंतरही वाढतात. बाळ पोटात श्वासासारख्या हालचाली करतं, फुफ्फुसात द्रव भरलेला राहतो, त्या दाबानं ती फुगून वाढतात. सोनोग्राफीत ‘पाणी कमी आहे’ म्हटलं की डॉक्टर लक्ष ठेवतात, त्याचं हे एक कारण: मधल्या महिन्यांत गर्भजल फारच कमी राहिलं तर फुफ्फुसं लहान राहू शकतात. सांध्यांना तर हालचालच लागते. कोंबडीच्या भ्रूणाला औषधानं लुळं केलं तर सांध्याची पोकळी नीट बनत नाही, हाडं जोडली जातात.

राहिली झेरॉक्स. एकसारख्या जुळ्यांचे बोटांचे ठसे मिळतेजुळते असतात, एकच नसतात. गर्भात बोटाच्या टोकाला आधी फुगीर उशी येते. ठशाच्या रेषा साधारणपणे उशीच्या मध्यावर, नखाखाली आणि सांध्याच्या घडीपाशी सुरू होतात आणि लाटांसारख्या पसरत एकमेकींना भिडतात. उशी किती उंच, कुठली लाट आधी निघाली, यावर चक्र पडणार की शंख हे ठरतं. आणि बारीक फाटे नेमके कुठे फुटतील, हे दोन जुळ्यांतच काय, एकाच माणसाच्या दोन हातांतही सारखं नसतं.