करार दिसतो, रिंक दिसत नाही

२०२४ च्या नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद पेटला. पुण्याच्या माझ्या चुलतभावाचं म्हणणं, लिलावात जात-धर्म कोण विचारतं? तिथे आकडा बोलतो, आणि यालाच मेरिट म्हणतात. धाकट्या वहिनीचं म्हणणं, त्या हॉलपर्यंत कोण पोचतं ते आधी बघा. मग दोघांनीही मला मध्ये ओढलं, ‘तू सांग, तुमच्या कॅनडात कसं आहे?’ परदेशातल्या नातेवाइकाचा एवढा एक उपयोग असतो, दोन्ही पक्षांना तो साक्षीला चालतो.

मी ब्रॅम्प्टनला राहते. २०२१ च्या जनगणनेनुसार या शहरात निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. पेशाने अकाउंटंट आहे, त्यामुळे इथल्या आईस हॉकीत मला आधी खेळ कळला नाही, करार कळले. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये कुणाला किती पगार आहे हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक-खेळाडू भांडणात बुडाला आणि त्यातून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. सुरुवातीला ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख झाली. पैसे ठरलेले, त्यामुळे एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याचे कापायचे. अशा हिशेबात लाडक्यांची सोय करणं अवघड जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाच्या संघाने रशियन किरील काप्रिझोव्हशी आठ वर्षांचा १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. लीगच्या इतिहासात इतका मोठा करार तोवर झालेला नव्हता. चुलतभावाची बाजू इथपर्यंत भक्कम आहे.

आता पी. के. सबान या कृष्णवर्णीय हॉकीपटूची गोष्ट. वडील जमैकाहून लहानपणी कॅनडातल्या सडबरीला आलेले, पुढे टोरांटोत शाळेचे मुख्याध्यापक. आई कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरची. पाच मुलं, त्यातल्या तिन्ही मुलग्यांना एनएचएलच्या संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या फेरीत, निवडलं. पी. के. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा बचावपटू. २०१३ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने घेतली. २०१४ च्या मे महिन्यात बोस्टनमध्ये, बोस्टनविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत त्याने विजयी गोल केला, आणि त्या रात्री ट्विटरवर त्याच्या कातडीच्या रंगावरून जे लिहिलं गेलं त्याबद्दल प्रतिस्पर्धी बोस्टन क्लबच्या अध्यक्षांना जाहीर निषेध करावा लागला.

तीनच महिन्यांनी त्याच्या पगाराचा वाद लवादापुढे गेला. ही पद्धत मोठी निर्दय असते. खेळाडू समोर बसलेला असतो आणि ज्या क्लबसाठी त्याने दात पाडून घेतलेले असतात, तोच क्लब त्याच्यादेखत त्याची किंमत कमी कशी हे सिद्ध करतो. सबानने वर्षाला ८५ लाख डॉलर मागितले होते, क्लब साडेबावन्न लाखांवर अडलेला. सुनावणी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी क्लबने आठ वर्षांना ७ कोटी २० लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ९० लाख कबूल केले. मागितले त्याहून जास्त! माझ्या क्लायंटांपैकी कुणाशी आयकर खात्याने असं वागावं, अशी माझी फार इच्छा आहे.

पैसा मिळाला, म्हणजे वाद संपायला हवा होता. पण हॉकीची एक रीत आहे: मान खाली, ओठ बंद, गोल झाला तरी श्रेय टीमला. आपल्या मध्यमवर्गीय घरांतलं ‘फार मिरवू नये’ तसंच हे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. सबान रंगीबेरंगी सूट घाले, मोठ्याने हसे, कॅमेऱ्यासमोर खुलत असे. जिंकल्यावर गोलरक्षक केरी प्राइसबरोबर तो हाताला हात मारण्याचा छोटासा खेळ करायचा, तो प्रशिक्षकाने बंद करायला लावला. २०१५ मध्ये त्याने मॉन्ट्रियलच्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी १ कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं, शहराने डोक्यावर घेतला. आणि २९ जून २०१६ ला क्लबने त्याला नॅशव्हिलला धाडून बदल्यात शी वेबरला घेतलं. करारातलं एक कलम १ जुलैपासून लागू होणार होतं, त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता आलं नसतं. तारखा बघा.

रंगामुळे काढलं असं मी म्हणत नाही, आणि वेबर चांगला खेळाडू होता. मात्र ‘ड्रेसिंग रूममध्ये बसत नाही’ हे वाक्य कुणाबद्दल लवकर उच्चारलं जातं, ते बघत राहावं. पगाराचं मोजमाप होतं, या ‘बसण्या’चं होत नाही.

वहिनीचा मुद्दा मात्र याच्याही आधीचा आहे, आणि तो समजायला करार नव्हे तर सकाळी सहाचा रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, बघावा लागतो. बाहेर उणे पंधरा. आत ओल्या पॅडांचा कुबट वास, टिम हॉर्टन्सच्या कॉफीचे कप, आणि गुडघ्यावर बसून पोराच्या स्केटची नाडी करकचून ओढणारे बाप. (सैल राहिली तर घोटा वळतो, फार आवळली तर पोरगं रडतं.) स्केट्स दर वर्षी लहान होतात. चांगली कार्बनची स्टिक तीनशे-चारशे डॉलरची, आणि मोडायची ती मोडतेच. गंमत म्हणून खेळायची हाऊस लीग परवडते. पण मुलगा बरा निघाला आणि ट्रिपल-एच्या निवडक टीममध्ये गेला की फी, हॉटेलं, पेट्रोल, खासगी कोचिंग मिळून खर्च सहज पाच आकडी होतो. आठव्या-नवव्या वर्षीच चाळणी लागते, आणि तिची भोकं बापाच्या पगाराच्या मापाची असतात.

केरी प्राइसचंच बघा. आई उलकाचो या आदिवासी समाजाची, गाव ब्रिटिश कोलंबियातलं अनाहिम लेक, सरावाचं रिंक तीनशे किलोमीटरच्या पुढे. बापाने चक्क छोटं विमान घेतलं आणि पोराला उडवत नेलं. पोरगा पुढे जगातला अव्वल गोलरक्षक झाला. ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण ज्यांच्या बापाला विमान चालवता येत नव्हतं, त्यांच्यातले किती गोलरक्षक गेले याची नोंद कुठल्याच करारात नाही.

दार कधी उघडलं, तेही बघू. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हर्ननचा चिनी वंशाचा लॅरी क्वाँग १९४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून एनएचएलमध्ये एकदाच बर्फावर उतरला, जेमतेम मिनिटभर. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओरी १८ जानेवारी १९५८ ला आला, तोही एका डोळ्याने आंधळा, आणि ते त्याने लपवून ठेवलेलं. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू त्याच प्रांतातल्या डंकनचा रॉबिन बावा. तो १९८९ मध्ये आला आणि एकूण ६१ सामने खेळला. पुढे व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैन्स व्हँकुव्हरकडून खेळला, सामन्यांचं पंजाबी समालोचन सुरू झालं, आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये क्विंटन बायफील्ड दुसऱ्या क्रमांकावर गेला. याआधी इतक्या वर कुठलाही कृष्णवर्णीय खेळाडू गेला नव्हता. पंजाबी मंडळी बर्फावर उतरली. आमचं मराठी मंडळ गणिताच्या स्पर्धेत अडकलंय. सकाळी सहाला रिंकवर जायचं म्हणजे रात्री दहाला झोपायला हवं, आणि ते आम्हाला जमत नाही.

चुलतभावाला मी पालवणकर बाळूंची आठवण दिली. पुण्याच्या जिमखान्यावर साहेबांना तासन् तास गोलंदाजी करणारा चांभार समाजातला मुलगा. हिंदूंच्या संघात आल्यावरही त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, कर्णधारपद तरीही नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, १९२३ मध्ये. बाळूंचं मेरिट तेव्हाही कुणी नाकारलं नव्हतं. संघ त्यांचे बळी घेत होता, फक्त कप वेगळा ठेवत होता.

मग इथलं काय बरं आहे? मला विचाराल तर मोजणं. २०२२ मध्ये एनएचएलने लीग आणि क्लबांमधल्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून स्वतःच छापलं की त्यातले ८३.६ टक्के गोरे आहेत. आकडा लाजिरवाणा होता, तरी छापला. आपल्याकडच्या एखाद्या क्रिकेट संघटनेने असं काही केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जनगणनेत जात मोजायचं ठरवलं, तेव्हा ग्रुपवर ‘जात मोजली की जात वाढते’ असे मेसेज आले. ते पाठवणाऱ्यांतले तिघे अमेरिकेत राहतात आणि दर नोकरीच्या अर्जात वंशाच्या रकान्यात मुकाट ‘आशियाई’वर खूण करतात.

पण एनएचएलने मोजले ते ऑफिसातले लोक. मला हवा तो आकडा सात वर्षांच्या मुलांचा आहे: किती आली, आणि बाराव्या वर्षी त्यातली कोणती नव्हती. आमच्या रिंकच्या पालक समितीने जुन्या स्केट्सची पेटी ठेवली आहे, तिथून मुलं फुकट जोडी नेतात. पुढच्या मोसमाच्या नोंदणी-फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न घालावा असं मी सुचवलंय. दोघांचा कडाडून विरोध आहे, त्यातला एक नागपूरचा. मतदान पुढच्या गुरुवारी.