दोष दुर्बिणीचा नव्हता

बायसेप-२ दुर्बिणीच्या फसलेल्या दाव्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘बायसेप-२ च्या उपकरणात गफलत झाली’ हे वाक्य खटकलं. दक्षिण ध्रुवावरची ती दुर्बीण चोख होती आणि आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या ध्रुवीकरणात (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशेत) तिला दिसलेला संकेतही खराच होता. चुकलं ते त्याचं श्रेय देताना. मार्च २०१४ मध्ये जे विश्वाच्या जन्मावेळच्या गुरुत्वीय लहरींचे ठसे म्हणून जाहीर झालं, त्यातला मोठा वाटा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला.

गोची अशी की बायसेप-२ बघत होती फक्त एकाच वारंवारतेला, १५० गिगाहर्ट्‌झला. एकाच रंगाच्या काचेतून बघून धूळ कुठली आणि मागचं, विश्वाच्या बालपणातलं प्रारण कुठलं, हे कसं ओळखणार? धुळीचे लांबुडके कण चुंबकीय क्षेत्रानुसार रांगेत लागतात, म्हणून त्यांचं प्रारणही ध्रुवीकृत असतं; त्यांचं तापमान जेमतेम २० केल्विन, आणि वारंवारता वाढली की त्यांची चमक झपाट्याने वाढते. म्हणून प्लँक उपग्रहाचा ३५३ गिगाहर्ट्‌झचा नकाशा हवा होता. तो तेव्हा प्रसिद्धच झाला नव्हता, तर बायसेप-२ च्या मंडळींनी प्लँकच्या एका भाषणातली स्लाइड उचलून त्यावरून धुळीचा अंदाज बांधला! (आम्ही प्रॅक्टिकलला शेजाऱ्याच्या वहीतून रीडिंग घ्यायचो, त्याची आठवण झाली.) २०१५ मध्ये दोन्ही गटांनी मिळून विश्लेषण केलं आणि ‘आर’ (त्या आद्य गुरुत्वीय लहरींचं प्रमाण सांगणारा आकडा) ०.२ असल्याचा दावा बारगळला. उरली ती ०.१२ ही वरची मर्यादा.

बरं, ३५३ वर दिसलेल्या धुळीवरून १५० वरच्या धुळीचा अंदाज काढायचं सूत्रही वाटतं तितकं सरळ नाही. एकाच दिशेला वेगवेगळ्या तापमानाचे आणि वेगवेगळ्या चुंबकीय दिशांचे दोन-तीन ढग एकामागे एक असतील, तर ध्रुवीकरणाची दिशाच वारंवारतेनुसार थोडी वळते. यावर एक स्वतंत्र लेख लिहाच.