‘श्रुती फटीतून गळतात’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

हा मेसेज आधीही येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. या वेळी तो ताईच्या मुलीपर्यंत पोचला. ती गाणं शिकते. तिने फोनवरची क्लासची रेकॉर्डिंगं पुसून टाकली, मोबाइलमधला तानपुरा बंद केला आणि जुने गवई यापुढे ‘ओरिजिनल तबकडीवरच’ ऐकायचे असं ठरवलं. घरात तबकडी एकही नाही, म्हणजे ऐकणंच बंद. म्हणून लिहायला बसलो.

व्हॉइस नोट आहे, भारदस्त आवाजातली. म्हणणं थोडक्यात असं: १९९१ साली अमेरिकेत ‘प्रो टूल्स’ हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आलं आणि स्टुडिओत कॉम्प्युटर शिरला. त्याआधी सगळे एका दमात, एका टेकमध्ये गात. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतो; मधल्या फटींतून श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म सूर) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) गळतात, उरतात नुसत्या पायऱ्या. हा आकडाही म्हणे मुद्दाम निवडलाय. पायऱ्या ऐकून मुलांचा कान कायमचा बिघडतो. मग बेसुरांना गायक करायला ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर काढलं आणि वादकांची पोटं मारली. शेवटी नेहमीचं, ‘संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठवा’.

फटींचं आधी घेतो, कारण नुकसान तिथे झालंय.

सॅम्पल म्हणजे आवाजाचा कापलेला तुकडा नव्हे. त्या क्षणी लहर किती उंचीवर होती, त्याचं ते माप. आणि ही मापं तशीच्या तशी स्पीकरला दिली जात नाहीत, त्यांच्यावरून अख्खी लहर पुन्हा बांधली जाते. एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले की त्यांतून जाणारं वर्तुळ एकच निघतं, हे शाळेत सगळ्यांनी काढलंय. बिंदूंच्या मधलं वर्तुळ गळून गेलं, अशी तक्रार कुणी बाईंकडे नेली नव्हती. इथेही तेच. आवाजातल्या सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून जास्त वेगाने मापं घेतली, तर त्यांतून जाणारी त्या मर्यादेतली लहर एकच असते. ‘साधारण तशी’ नव्हे, तीच. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय, आणि त्यामागचं अभियंता हॅरी नायक्विस्टचं काम १९२८चं.

माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, वय वाढलं की तेही कमी. त्याची दुप्पट ४०,००० आणि वर फिल्टरसाठी थोडी मोकळी जागा. मग नेमका ४४,१०० हा आडनिडा आकडा कुठून आला? व्हिडिओ टेपमधून. सत्तरच्या दशकात एवढी मापं साठवायला सोयीचं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. टीव्हीच्या चित्राच्या एका ओळीत ३ सॅम्पल, एका फील्डमध्ये (म्हणजे अर्ध्या चित्रात) वापरता येणाऱ्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करा. युरोपच्या टीव्हीत २९४ ओळी आणि ५० फील्ड, तरी उत्तर तेच. १९८२ मध्ये सीडी आली तीही हाच आकडा घेऊन. कट म्हणायचा तर तो टीव्हीवाल्यांचा म्हणा.

गणित नको असेल तर डोळ्यांनी बघा. झिफ नावाच्या संस्थेच्या ख्रिस माँटगोमेरीने २०१३ मध्ये एक प्रात्यक्षिक व्हिडिओवर करून ठेवलंय, आणि या वादात मला त्यापलीकडे काही लागत नाही. तो जुन्या ॲनालॉग, म्हणजे आकडे न वापरणाऱ्या यंत्रातून लहर सोडतो, ती ४४,१०० च्या वेगाने आकड्यांत बदलतो, आकड्यांची पुन्हा लहर करतो आणि बाहेर आलेलं लहर पडद्यावर काढणाऱ्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपवर दाखवतो. पायऱ्या नाहीत. २०,००० हर्ट्झची लहर, जिच्या एका फेऱ्यात जेमतेम दोन मापं मावतात, तीसुद्धा गुळगुळीत बाहेर येते. पुढे तो लहरीची कड दोन सॅम्पलच्या मधे हळूहळू सरकवतो. ती सरकते! म्हणजे ज्या ‘फटीत’ काही नाही असं भारदस्त काका सांगतात, तिथली हालचालही जशीच्या तशी राहते. सॉफ्टवेअरमध्ये झूम केल्यावर दिसतात त्या पायऱ्या स्क्रीनवर चित्र काढायच्या सोयीसाठी असतात. तुमच्या कानात त्या कधीच शिरत नाहीत.

आता मींड. गळ्यातला स्वर काहीशे हर्ट्झचा. दोन सेकंदांची मींड म्हणजे ८८,२०० मापं. स्वर एका हर्ट्झच्या छोट्या अंशाने सरकला तरी मापं बदलतात. सॅम्पलचा वेग स्वरांना खाचांत बसवत नाही, त्याचा स्वरस्थानाशी संबंधच नाही. उलट श्रुतीची एवढी काळजी असेल तर टेप आणि तबकडीबद्दल बोला. टेपचा वेग किंचित डुलतो, त्याबरोबर सूर डुलतो. तबकडीचं भोक मध्यापासून जरा सरकलेलं असलं तर दर फेऱ्याला तानपुरा हेलकावे खातो. जुन्या ७८च्या सगळ्या तबकड्या तरी नेमक्या ७८ फेऱ्यांवर कुठे मुद्रित झाल्या होत्या! म्हणून तर अमुक गवयाची खरी पट्टी कोणती, यावर अजून वाद चालतात.

आणि हे सगळं ज्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोटमधून ऐकवलं जातंय, ती ओपस नावाच्या डिजिटल फॉरमॅटमध्ये असते. त्यात जागा वाचवायला आवाजातली माहिती खरोखरच टाकून दिली जाते. ओपस घडवण्यात त्याच झिफचा मोठा हात आहे. कान बिघडवणारं काही असेल, तर ते काकांनी स्वतःच वाटलंय.

‘१९९१ पर्यंत कॉम्प्युटर नव्हता’ हेही खोटं. जपानच्या डेनॉनने १९७२ पासून डिजिटल ध्वनिमुद्रण सुरू केलं. थॉमस स्टॉकहॅमच्या साउंडस्ट्रीम कंपनीने १९७६ मध्ये सँटा फे ऑपेराचं डिजिटल मुद्रण केलं, आणि सत्तरचं दशक संपायच्या आत त्यांच्याकडे पीडीपी-११ कॉम्प्युटरवर जोडकाम चालत होतं. प्रो टूल्स त्यानंतरचं. पीटर गोचर आणि इव्हान ब्रूक्स यांनी ड्रम मशीनसाठी आवाजांच्या चिप विकत सुरुवात केली, १९८९ मध्ये दोन ट्रॅकचं (स्वतंत्र मुद्रित होणाऱ्या आवाजांचं) साउंड टूल्स काढलं आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स. त्यात ट्रॅक किती? चार. बीटल्सकडे साठच्या दशकात टेपवर होते तेवढेच.

‘एका टेकमध्ये गात’ यात अर्धं खरं आहे. तबकडीच्या जमान्यात गात, कारण मेणावर खोडता येत नव्हतं. शिवाय तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे, तेव्हा किती आलाप ‘गळले’ याचा हिशेब मेसेजमध्ये नाही. टेप आली तशी स्टुडिओत ब्लेडही आली. १९५२ मध्ये वाद्यवृंद-संचालक फुर्टव्हेंग्लरने मुद्रित केलेल्या वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरामध्ये गायिका कर्स्टन फ्लॅगस्टाडचे तार सप्तकातले दोन सूर एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफने गायलेत. १९६६ मध्ये बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गाणं वेगळ्या पट्टीचे, वेगळ्या लयीचे दोन टेक वेग बदलून सांधून तयार केलं. सॉफ्टवेअरने फक्त ब्लेड स्वस्त केलं, आणि चुकलं तर परत फिरायची सोय दिली.

ऑटो-ट्यूनचा मुद्दा नाइलाजाने थोडा मान्य. अँडी हिल्डेब्रँड भूकंपलहरींवरून तेल शोधण्याच्या गणितातला माणूस. तेच गणित त्याने सुराला लावलं आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. ते नेहमीच्या बारा समान स्वरांवर लावून वेगात चालवलं तर मींड खरंच चिरडते, आणि गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो. पण हे लावणाऱ्याच्या हाताचं काम. नुसतं रेकॉर्ड केल्याने काही होत नाही. शिवाय बारा समान स्वरांचं भांडण आपल्याकडे पेटीवरून (हार्मोनियमवरून) कधीच होऊन गेलंय. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये त्याच कारणासाठी पेटी बंद केली होती. तेव्हा कोणत्या सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या असत्या?

राहिला वादकांचा मुद्दा. तो खरा आहे, आणि नेमका तोच मेसेजमध्ये एका ओळीत उरकलाय. न्यूयॉर्कचा हिट फॅक्टरीसारखा स्टुडिओ २००५ मध्ये बंद झाला. मुंबईत ज्या सिनेवाद्यवृंदांत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे संयोजक आणि त्यांच्यामागे व्हायोलिनच्या रांगा होत्या, ते वृंद आटले. त्यात सिंथेसायझर आणि सॅम्पलरचा वाटा मोठा, प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून वाजवून घेणाऱ्या मल्टिट्रॅकचा आणि निर्मात्यांच्या काटकसरीचाही. पण त्यावर उपाय म्हणून शिकणाऱ्या मुलीने आपल्याच क्लासची रेकॉर्डिंगं पुसावीत, याने कोणत्या व्हायोलिनवाल्याला काम मिळालं?