वासना अडकते ती कशात? ‘ब्लॅक नार्सिसस’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया माझ्या लेखाइतकीच लांब आहे आणि दोन ठिकाणी लेखापेक्षा बरी आहे, म्हणून खाली चार ओळी खरडण्याऐवजी हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीच्या १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ या चित्रपटावर लिहिताना मी त्याला ‘दबलेल्या वासनेची गोष्ट’ म्हटलं होतं. कलकत्त्याच्या एका संघातल्या पाच नन्स हिमालयात मोपू नावाच्या ठिकाणी शाळा आणि दवाखाना काढायला जातात. जागा मिळते ती कड्यावरच्या जुन्या राजवाड्याची, जिथे एकेकाळी तिथल्या राज्यकर्त्या जनरलच्या वडिलांच्या बायका ठेवलेल्या असत. पावसाळ्याच्या आत सगळं विस्कटतं. एकीचा जीव जातो, बाकीच्या परत फिरतात.

ताईंचं म्हणणं असं की पुरुषांना नन दिसली की डोक्यात एकच गोष्ट येते, मग तो दिग्दर्शक असो की ब्लॉग लिहिणारा. त्या स्वतः दहा वर्षं नन्सच्या शाळेत शिकल्या. त्यांच्या वर्गाच्या सिस्टर गणित शिकवायच्या, रबरी चपला घालायच्या, सुट्टीत बागेतले गुलाब छाटायच्या. आतल्या आत जळणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. शिवाय मी या नन्सना कॅथलिक म्हटलं तेही चूक, आणि असल्या गोऱ्या साहेबी चित्रपटाचं एवढं कौतुक कशाला, हा शेवटचा टोला.

आधी कबुली. त्या कॅथलिक नाहीत, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या आहेत, आणि हा घोळ किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. या संघातल्या बायकांना दरवर्षी व्रत नव्यानं घ्यावं लागतं. म्हणजे वर्षातून एकदा दार उघडं असतं. जिचा जीव जातो ती सिस्टर रूथ संघातून बाहेर पडते तेव्हा ती व्रत पुन्हा घेत नाही, एवढंच. हे लक्षात न घेता मी ‘शपथ मोडणारी’ वगैरे लिहून बसलो होतो. पुण्यात राहून ही चूक करावी याची जास्त लाज वाटते. इथल्या अँग्लिकन पंचहौद मिशनवरून आयुष्यभर जातोय-येतोय. पंडिता रमाबाईंचा १८८३ सालचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, तो अँग्लिकन सिस्टर्सच्याच सहवासात, आणि त्याच संघाच्या सिस्टर्स इथे पुण्यातही काम करत होत्या. रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांची पत्रं वाचा. कुणाचं ऐकायचं, किती ऐकायचं यावरून दोन श्रद्धाळू बायका किती कडाडून भांडू शकतात ते दिसतं. त्या पत्रांत वासनाबिसना काही नाही, हेही तुमच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आता तो शब्द. मी तो सवयीनं वापरला. परीक्षणात ‘दबलेली वासना’ खपून जाते, वाचणाराही पुढे सरकतो. तुम्ही अडवलंत म्हणून दोन रात्री चित्रपट पुन्हा पाहिला आणि मला वाटतं, शब्द बरोबर होता, मी त्याचा अर्थ कोता घेतला. पिंडाला कावळा शिवेना की आपण काय म्हणतो? कशात तरी वासना अडकलीय. मग कुणी म्हणतं नातीच्या लग्नात असेल, कुणी म्हणतं खिरीत, कुणी म्हणतं त्या विहिरीजवळच्या पट्टीत. तिथे शरीराचा प्रश्नच नसतो, शरीर तर जळून गेलेलं असतं. मागे राहून गेलेलं जे काही असतं, ते म्हणजे वासना. वास आणि वासना हे एकाच घरचे शब्द, हेही सोयीचं आहे, कारण ‘ब्लॅक नार्सिसस’ हे चित्रपटात एका अत्तराचं नाव आहे. तरुण जनरल, म्हणजे म्हाताऱ्या जनरलचा वारस, ते लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून मागवतो आणि रुमालाला लावून नन्सच्या वर्गात शिकायला येतो.

या अर्थानं बघितलं तर चित्रपटाचा गाभा मला रूथमध्ये दिसत नाही, सिस्टर फिलिपामध्ये दिसतो. फ्लोरा रॉबसननं केलेली ही वयस्क नन बागेची प्रमुख आहे. तिच्या आयुष्यात पुरुष नाही, कुणाची आठवण आहे की नाही तेही आपल्याला नीट कळत नाही. ती या पाचजणींची प्रमुख सिस्टर क्लोडा हिला सांगते की इथून फार लांबपर्यंत दिसतं. समोर बघितलं की हातातला बटाटा दिसेनासा होतो, आणि थोड्या वेळानं तो लावला काय न लावला काय, सारखंच वाटायला लागतं. पुढे क्लोडा भाजीच्या वाफ्यांकडे जाते तर तिथे भाजीचा पत्ता नाही, सगळीकडे फुलं लावलेली. खाण्याच्या जागी फुलं! एका गरीब, काटकसरी संघात हा केवढा गुन्हा आहे, तो घरची परसबाग सांभाळणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आणि यानंतर फिलिपा काय करते? बदली मागते. या जागेत आणि या कामात आपण फार गुंतलोय, असं स्वतःच सांगते. संघात अशी विनंती नावावर डाग समजली जाणार, हे माहीत असूनही मागते. मला तरी संपूर्ण चित्रपटात याहून धार्मिक कृती दिसत नाही. तुम्ही म्हणता, दिग्दर्शकाला श्रद्धा कळलीच नाही. ज्याला कळली नाही त्यानं हा प्रसंग कापला असता, कारण कथानकाला त्याची गरज नाही.

कात्रीवरून आठवलं. अमेरिकेत नॅशनल लीजन ऑफ डीसन्सी या कॅथलिक संस्थेनं चित्रपटावर आक्षेप घेतला (नन्स त्यांच्या पंथाच्या नव्हत्या, पण तो तुमचा मुद्दा झाला). कापलं काय गेलं, तर मुख्यतः क्लोडाच्या आयर्लंडमधल्या आठवणी. तिथे तळ्यावर मासेमारी आहे, नाताळची गाणी आहेत, आजीचे पाचूचे दागिने अंगावर चढवून बघणारी लाल केसांची मुलगी आहे. चुंबनसुद्धा डोळ्यांत भरावं असं नाही. त्या कात्रीवाल्यांना बरोबर कळलं होतं की खरा धोका पुढे रूथ घालते त्या लाल झग्यात नाही, या पाचूंमध्ये आहे. कॉनशी तिचं लग्न होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं, आणि त्याच्या मनात मात्र एकट्यानंच अमेरिकेला जायचं. सगळ्यांदेखत मागे राहण्यापेक्षा आपणच आधी निघावं, म्हणून ती संघात आली. याला स्मशानवैराग्य म्हणायचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. ते वैराग्य घरी येऊन पाय धुतले की उतरतं. हिचं वर्षानुवर्षं टिकलं. मोपूच्या वाऱ्यात ते उडालं तेव्हा खाली सगळं जसंच्या तसं होतं.

रूथबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. ती रात्र आठवा. क्लोडा तिच्या खोलीत शिरते तर समोर पांढऱ्या झग्यातली नन नाही, कलकत्त्याहून मागवलेल्या गडद लाल पोशाखातली बाई. दोघी मेणबत्तीच्या दोन बाजूंना बसतात. क्लोडा धर्मग्रंथ उघडते. रूथ लिपस्टिक बाहेर काढून लावते, आणि कॅमेरा तिच्या ओठांच्या इतका जवळ जातो की लिपस्टिकचा थर दिसतो. एक वाचतेय, एक रंगवतेय, आणि दोघींची नजर एकमेकींवर. कॅथलीन बायरनचे ते लालसर डोळे बघून लोक वेडाची चर्चा करतात. पण मेणबत्ती संपत येते, क्लोडाला डुलकी लागते आणि रूथ निसटते. तेव्हा मला कोण हरलं ते ठरवता येत नाही. रूथनं आधीच तिला तोंडावर सुनावलेलं असतं की मिस्टर डीन (जनरलचा तिथला इंग्रज कारभारी) आले की तुम्हालाही आनंद होतोच की. त्यावर क्लोडाकडे धड उत्तर नसतं. मिस्टर डीनची अर्धी चड्डी आणि उघडी छाती या विषयावर तुम्ही जे लिहिलंय ते मान्य. त्या माणसाला एक सदरा कुणीतरी द्यायला हवा होता.

गोऱ्या साहेबी नजरेबद्दल वाद नाहीच, उलट भर घालतो. हा हिमालय लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत काचेवर रंगवलेला आहे, आणि रानझाडी ससेक्समधल्या लेनर्ड्सली बागेची. कांची या स्थानिक मुलीच्या भूमिकेत इंग्रज नटी जीन सिमन्सला तपकिरी रंग फासलाय आणि संवाद एकही दिलेला नाही. तरुण जनरल झालेला म्हैसूरकडचा साबू तेवढा आपला. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रूमर गॉडन, ज्यांचं बालपण बंगालमध्ये नारायणगंजला गेलं, त्यांनाही चित्रपट आवडला नव्हता. फक्त ‘१९४७ साली इंग्रज निघाले, म्हणून नन्स निघाल्या’ हे समीकरण मला पटत नाही. कादंबरी १९३९ ची आहे आणि तिथेही त्या निघतातच. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालेल्या या खोट्या डोंगरानं मला दर वेळी गंडवलंय, हा माझा दोष समजा.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी ओघात लिहिलंय की सातवीच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुलाबवाल्या सिस्टर नव्हत्या, त्यांची लांब कुठेतरी बदली झाली होती, वर्ग रडला आणि नंतर त्या आळ्यांमध्ये माळ्यानं तूर लावली. ती बदली वरून आली होती, की त्यांनी स्वतः मागितली होती? तुम्हाला कधी कळलं का?