'सोलापुरी पॅटर्न', 'कॉटन टच' आणि शिकलेल्यांचा एक गैरसमज

सोलापुरात व्यापाऱ्यांच्या, शिक्षकांच्या, सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रचारतंत्र हे युद्धातलं हत्यार, जाहिरात फक्त माहिती देते. फसवायचं तर खोटं बोलावं लागतं. शिकलेला माणूस फसत नाही. आणि हजारो लोक पुढे पाठवतात त्यात काहीतरी तथ्य असणारच. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात.

"युद्धातलं हत्यार." हो, पण ते युद्धावर थांबलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारी प्रचार समितीत काम केलेल्या एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ मध्ये ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावलं आणि सिगारेटला नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. मागे अमेरिकन टोबॅको कंपनी होती. पैसे घेऊन "मी रोज हेच वापरते" म्हणणारी रील याच वाटेने येते.

"खोटं बोलावं लागतं." खरी गफलत इथे आहे. चादरीची नेहमीच्या धाटणीची ऑनलाइन जाहिरात बघा. हातमागावर बसलेल्या आजोबांचा फोटो, खाली 'सोलापुरी पॅटर्न', 'कॉटन टच', 'विणकरांच्या परंपरेला सलाम'. एकही शब्द खोटा ठरवता येत नाही. पॅटर्न म्हणजे नक्षी, ती कुठेही विणता येते. टच म्हणजे स्पर्श. सूत पॉलिस्टरचं असू शकतं. सलामाने तर कसलाच दावा केलेला नाही. भौगोलिक मानांकन (ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच वापरण्याचा हक्क) मिळालेल्या सोलापुरी चादरीची पत त्या फोटोतून भलत्याच मालाला चिकटते. अमेरिकेतल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने १९३७ मध्ये प्रचाराच्या सात युक्त्या मांडल्या, त्यात ही पत उसनी घेण्याची युक्ती आहे आणि सोयीचं तेवढंच दाखवण्याचीही. म्हणून जाहिरातीत काय नाही ते शोधा: वजन, लांबी-रुंदी, सुताचा प्रकार, कुठे विणली. चादर घरी आलीच असेल तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि कडक मणी होतो.

'ऑफर संपायला ९ मिनिटं' दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या, पान बंद करा, दुसऱ्या फोनवर उघडा आणि तिथलाही स्क्रीनशॉट घ्या. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर घाई बनावट आहे. अशी खोटी घाई 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबद्दलच्या २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या १३ प्रकारांत मोडते. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दोन्ही स्क्रीनशॉटवर वेळ दिसू द्या.

"शिकलेला फसत नाही." १९७७ च्या एका प्रयोगात तीच ती विधानं दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा वाचायला दिली, तेव्हा ती लोकांना जास्त खरी वाटू लागली, खरी आणि खोटी, दोन्ही. २०१५ च्या अभ्यासात तर बरोबर उत्तर माहीत असलेल्यांवरही हा परिणाम दिसला. ओळखीचं वाक्य मेंदूला सोपं जातं, आणि सोपं ते खरं वाटतं. तीच जाहिरात दिवसातून सहा वेळा समोर येते ती याचसाठी. पदवीचा इथे फारसा उपयोग नाही. दावा कागदावर लिहून काढून तपासण्याचा होतो.

"हजारो लोक पाठवतात." व्हॉट्सॲपवरचे दोन बाण एवढंच सांगतात की मेसेज निदान पाच हातांतून आला आहे. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही मर्यादा कंपनीनेच घातली, कारण अफवा याच रस्त्याने पसरत होत्या.