शेवटची पायरी

“शाळा म्हणत्या, ह्याला विशेष शाळंत घाला,” वहिनीचा कोल्हापूरहून फोन. भाचा अकरा वर्षांचा, त्याला बौद्धिक अक्षमता आहे. लगेच घरात दोन तट. दादाला गल्लीतलीच शाळा हवी, आईला वाटतं पोरगं विशेष शाळेत सुखी राहील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलांना 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड त्यांची. शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. त्याच गावात आता बाप दारात उभा आणि शाळाच नको म्हणते!

मी बर्मिंगहॅमला अशाच मुलांच्या वर्गात मदतनीस आहे. इथे सगळं गोड आहे असं नाही. मुलाच्या शिक्षणाचा आणि मदतीचा सरकारी आराखडा कायद्याने 20 आठवड्यांत मिळायला हवा, पालक त्याहून कितीतरी जास्त थांबतात. पण एकदा हातात आला की तो पंचविशीपर्यंत चालू शकतो, आणि शिकण्यासाठी नेमकी कुठली मदत देणार ते त्यात लिहावं लागतं.

इथे मी एक गोष्ट शिकले, उलटीकडून शिकवायची. बुटाची नाडी आपण बांधायची, शेवटची ओढ तेवढी मुलाने द्यायची. ती जमली की त्याच्या आधीची पायरी. काम पुरं केल्याचा आनंद रोज त्याचाच. सुरुवातीपासून शिकवायला गेलं की पोर मध्येच कंटाळतं आणि आपण म्हणतो, ह्याला कळत नाही.

ऑगस्टात गेले तेव्हा बाबांना हे पटवलं. ते भाच्याला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला नेतात. ठरलं, बाकी सगळं बाबा करणार, पैसे तो देणार. त्याने फेसाची मिशी पुसली, नोट पुढे केली. गवळीमामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे वो, देवाचं लेकरू. त्याच्याकडनं कसलं पैसं?”

झालं. नेमकी तीच पायरी मायेने काढून घेतली. शाळेला आम्ही चार शिव्या घातल्या, पण आजीने त्याचं दप्तर भरून देणं, बाईंनी त्याच्या वहीत स्वतःच उत्तर लिहिणं, यावर घरात कधी वाद झाला नाही. शाळा कुठलीही घ्या, मी दादाला म्हटलं, पण सोमवारी त्याला कुठली पायरी शिकवणार ते आधी विचार.

मामांना समजवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भाच्याने दहाची नोट दिली. मामांनी ती उलटसुलट करून बघितली.

“आनी धा दे की रं.”